कोकणच्या पावसाळ्यात बेदाणा आणि सुका मेवा वर्षभर टिकवण्याविषयी

आपण चिपळूणला राहता, दर एप्रिलमध्ये तासगावकडून येणाऱ्या नातेवाइकांकरवी पाच किलो बेदाणा मागवता आणि त्याच सुमारास अंजीर, जर्दाळू, खारीक, थोडे बदाम, काजू व अक्रोड वर्षाच्या बेगमीसाठी भरून ठेवता. गणपती येईपर्यंत बेदाणा काळपट आणि चिकट होतो, अंजिरांत जाळी होते आणि अक्रोड खवट होतात, असे आपण कळवले आहे. डबे हवाबंद असून आणि प्रत्येक डब्यात लवंगा घालूनही असे का होते, माल वर्षभर टिकवायचा तर नेमके काय करावे आणि बेदाण्यावर पांढरा थर आला तर तो खावा की टाकावा, हे आपले तीन प्रश्न आहेत. बेदाण्याची प्रतवारी आणि साठवण हे माझे रोजचे काम असल्यामुळे उत्तराचा मोठा भाग बेदाण्याविषयीच असेल. इतर सुक्या फळांना तेच नियम थोड्या फरकाने लागू होतात. बदाम-अक्रोडांसारख्या तेलकट मेव्याचे गणित मात्र निराळे आहे आणि त्याचा विचार शेवटी स्वतंत्रपणे केला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. सांगली-तासगावच्या व्यापारात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तयार झालेला बेदाणा पुढच्या हंगामापर्यंत राहतो, तो काही हवाबंद डब्यांमुळे नव्हे. तो १५ किलोच्या साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरलेला असतो आणि ती खोकी शीतगृहात ४ ते ५ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवलेली असतात. म्हणजे व्यापाऱ्याचा खर्च होतो तो थंडाव्यावर, आणि घरी आपण खर्च करतो तो डब्यावर, मग तो डबा ओट्याच्या वरच्या कपाटात किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवतो, जिथे घरातली सर्वांत जास्त उष्णता साठलेली असते. घरगुती साठवण फसते ती बहुतेक वेळा डब्यामुळे नाही. माल डब्यात जाताना कोणत्या अवस्थेत होता आणि डबा कोठे ठेवला, या दोन गोष्टींवर तिचे यश अवलंबून असते.

मालाची अवस्था म्हणजे मुख्यतः त्यातील पाणी. चांगल्या बेदाण्यात साधारण १५ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. एवढे पाणी असूनही त्याला बुरशी येत नाही, कारण मण्यातील साखरेचे प्रमाण इतके मोठे असते की ते पाणी साखरेने धरून ठेवलेले असते आणि बुरशीला वापरता येत नाही. अन्नशास्त्रात या वापरता येण्याजोग्या पाण्याला जल-क्रियाशीलता म्हणतात आणि ती शून्य ते एक अशा पट्टीवर मोजतात. ०.६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही, ०.६५ पर्यंत फारच थोड्या बुरशी तग धरतात, आणि अफ्लाटॉक्सिनसारखे विष तयार करणाऱ्या बुरशींना वाढण्यासाठी साधारण ०.८ किंवा त्याहून अधिक लागते. नीट सुकवलेला बेदाणा ०.६ च्या आसपास किंवा त्याखाली असतो, म्हणजे तो सुरक्षिततेच्या रेषेच्या अगदी जवळ उभा असतो.

या आकड्याचा घरगुती अर्थ फार उपयोगाचा आहे. ०.६ जल-क्रियाशीलतेचा बेदाणा ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवला तर तो पाणी घेत नाही आणि सोडतही नाही. हवा त्याहून कोरडी असेल तर तो वाळत जाऊन कडक होतो, दमट असेल तर पाणी ओढून घेतो. तासगावच्या शेडमध्ये मार्चच्या दुपारी हवा अतिशय कोरडी असते, म्हणूनच तेथे द्राक्षाचे घड सावलीत, जाळीच्या रॅकवर सुमारे दोन आठवड्यांत सुकतात. चिपळूणला जुलैमध्ये आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. उघडा बेदाणा तेथे हळूहळू त्याच पातळीकडे सरकणार, आणि तो वाटेत बुरशीची रेषा ओलांडणारच. यात बेदाण्याच्या प्रतीचा किंवा विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाचा काही संबंध नाही.

मग डबा रोज उघडल्यामुळे दमटपणा आत जातो का? जातो, पण लोक समजतात तितका नाही. पाच किलो बेदाण्याचा ओलावा १५ वरून २० टक्क्यांवर जाण्यासाठी सुमारे ३०० ग्रॅम पाणी आत जावे लागते. पावसाळ्यातील एक लिटर हवेत साधारण ०.०२ ग्रॅम एवढीच वाफ असते, त्यामुळे झाकण दिवसातून दोनदा उघडल्याने एवढे पाणी चार महिन्यांत आत जाणे शक्य नाही. ते जाते ते सैल झाकणाच्या फटीतून आणि पातळ पॉलिथीनमधून, रात्रंदिवस, आपल्या नकळत. बहुतेक स्टीलचे डबे आणि पुष्कळसे प्लास्टिकचे डबे वाफेच्या दृष्टीने हवाबंद नसतात, त्यांच्या जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. डबा तपासायचा असेल तर जुलैमध्ये त्यात मूठभर ताजे कुरकुरीत चुरमुरे घालून झाकण लावा आणि दोन आठवड्यांनी चावून पाहा. ते सादळले असतील तर त्या डब्यात सुका मेवा ठेवू नये. रबरी कडीच्या झाकणाची किंवा घट्ट पेचाच्या धातूच्या झाकणाची काचेची बरणी या परीक्षेत सहसा उत्तीर्ण होते. ॲल्युमिनियमचा थर असलेली जाड पिशवी उष्णतेने नीट बंद केली तर तीही चालते. लोणच्याची चिनी मातीची बरणी दादरा बांधून ठेवण्यासाठी असते आणि तिचे काम वेगळे आहे, सुका मेवा तिच्यात ठेवू नये.

यापेक्षाही खात्रीची एक पद्धत आहे, आणि माझ्या मते वर्षभराची बेगमी करणाऱ्या प्रत्येक घरात तिचा वापर व्हायला हवा. बाजारात लहान डिजिटल आर्द्रतामापक दोन-तीनशे रुपयांत मिळतात. बरणी दोन-तृतीयांश बेदाण्याने भरून, मापक वर ठेवून झाकण लावावे आणि दुसऱ्या दिवशी आकडा पाहावा. बंद बरणीतील हवेची आर्द्रता हीच त्या बेदाण्याची जल-क्रियाशीलता, फक्त शंभरपट करून लिहिलेली. आकडा ६० किंवा त्याखाली असेल तर माल दीर्घ साठवणीस योग्य आहे. ६० ते ६५ असेल तर तो फ्रिजमध्ये ठेवावा, आणि ६५ च्या वर असेल तर आधी सुकवावा. हे स्वस्त मापक चार-पाच अंकांनी चुकू शकतात, म्हणून एकदा त्यांची परीक्षा घ्यावी. एका वाटीत मिठात थोडेसे पाणी घालून चिखलासारखे ओले मीठ करावे, ती वाटी आणि मापक एकाच बंद बरणीत रात्रभर ठेवावे. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ७९ दिसले तर तो मापक चार अंक जास्त दाखवतो, हे लक्षात ठेवून पुढचे वाचन करावे.

बेदाणा ओला निघाला तर तो पंख्याखाली, सावलीत, स्वच्छ कापडावर एकेरी पसरावा. कडक उन्हात हिरवा बेदाणा ठेवला की त्याचा रंग तपकिरीकडे जातो. कोकणात मे महिन्याच्या मध्यापासूनच हवा दमट होऊ लागते, त्यामुळे पंख्याने काम होत नसेल तर ओव्हन ५५ ते ६० अंशांवर ठेवून, दार किंचित उघडे राखून तासभर सुकवणे अधिक बरे. साठवण्याआधी बेदाणा धुवू मात्र नये. धुणे हे खाण्याच्या वेळचे काम आहे, आणि धुतलेला बेदाणा घरी पूर्वीइतका सुकवणे जवळपास कोणालाही जमत नाही.

आता किडीकडे वळतो. अंजिरांतील जाळी बाहेरून डब्यात शिरलेली नसते, ती बहुधा अंड्यांच्या रूपाने अंजिरांबरोबरच घरी आलेली असते. सुक्या फळांवर जाळी करणाऱ्या अळ्या लहान करड्या-तपकिरी पतंगांच्या असतात. मादी शंभराहून अधिक अंडी घालते, ती डोळ्यांना सहज दिसत नाहीत, आणि आपल्याकडच्या उन्हाळी तापमानात अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास महिन्या-दीड महिन्यात पूर्ण होतो. एप्रिलमध्ये चार-दोन अंडी आली तर ऑगस्टच्या अखेरीपर्यंत त्यांच्या तीन पिढ्या होतात. आपल्याला गणपतीच्या सुमारास अचानक जाळी दिसते, पण ती प्रत्यक्षात एप्रिलपासूनच वाढत आलेली असते. याशिवाय बारीक, चपट्या, तपकिरी भुंग्यांचा एक प्रकार खारकेत आणि बेदाण्यात आढळतो आणि तो इतका चपटा असतो की सैल झाकणाच्या कडेतून सहज आत जातो.

लवंगांविषयी सांगायचे तर त्यांच्या तेलात कीटकांना दूर ठेवण्याचा गुण आहे, परंतु डब्यात टाकलेल्या चार लवंगांचा अंजिराच्या पोटातील अंड्यांवर परिणाम होत नाही, आणि बेदाण्याला मात्र लवंगेचा वास लागतो. तमालपत्राचीही तीच कथा. धान्याला लावतात म्हणून काही घरांत बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या सुक्या मेव्यातही घातल्या जातात. हे कदापि करू नये. तांदूळ आपण धुऊन शिजवतो, बेदाणा मुलाच्या हातावर तसाच ठेवतो. धुरी देण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूच नयेत, कारण त्यांतून निघणारा वायू माणसांचा जीव घेतो.

अंडी मारण्याचा घरगुती आणि निर्धोक उपाय गोठवणे हाच आहे. उणे १८ अंश तापमानाला सलग चार दिवस ठेवल्यास अंडी, अळ्या, कोष आणि पतंग या सर्व अवस्था मरतात. घरगुती फ्रीझर नेहमी तेवढा थंड असतोच असे नाही आणि पावसात वीजही जाते, म्हणून मी पूर्ण आठवडा ठेवण्याचा सल्ला देतो. पाच किलोचे एकच गाठोडे ठेवू नये. त्याच्या मध्यापर्यंत थंडी पोहोचायलाच फार वेळ लागतो, म्हणून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या, हवा काढून, घट्ट बंद करून, एकमेकींना न चिकटवता ठेवाव्यात. आठवड्यानंतर पिशवी बाहेर काढली की ती न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि त्यासाठी एक रात्र जाऊ द्यावी. थंड पिशवी दमट हवेत उघडली की मण्यांवर दव धरते, आणि बुरशीला सगळा मणी ओला लागत नाही, पृष्ठभागावरचा तेवढा ओलावा पुरतो. बाहेरचे पाणी पुसून, मग पिशवीतील माल कोरड्या हातांनी बरणीत भरावा. ज्यांच्याकडे फ्रीझर नाही त्यांनी एका थरात पसरलेला माल ओव्हनमध्ये ७० अंशांवर अर्धा तास तापवावा. किडीचा नाश होतो, परंतु हिरवा रंग थोडा जातो.

दसऱ्यानंतर सुका मेवा उन्हात घालण्याची जुनी पद्धत अनेक घरांत आहे. कडधान्यासाठी ती उत्तम आहे. सुक्या फळांच्या बाबतीत मला ती तितकीशी पटत नाही, कारण उघड्यावर पसरलेल्या अंजिरांवर पतंग पुन्हा अंडी घालून जातात, आणि बदाम-अक्रोडांना तर ऊन म्हणजे खवटपणाला दिलेले आमंत्रणच.

रंग काळवंडण्याचे कारण ना कीड ना बुरशी. हिरवा किंवा पिवळा बेदाणा तयार करताना घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, त्यामुळे मण्यावरील मेणाचा थर सैल होऊन पाणी लवकर निघते. पुढे गंधकाची धुरी देतात, त्यातील सल्फर डायऑक्साइड रंग टिकवून धरतो. हा वायू महिन्यांगणिक उडून जातो आणि मग साखर व अमिनो आम्ले यांच्यातील तपकिरीकरणाची प्रक्रिया वेग घेते. तापमान १० अंशांनी वाढले की अशा प्रक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. सुक्या फळांच्या साठवणीचा एक सर्वमान्य आडाखा असा आहे की १५ अंशांच्या आसपास ती वर्षभर चांगली राहतात, तर २६-२७ अंशांना सहा महिने. चिपळूणच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यातही २८-३० अंश असतात, एप्रिल-मेमध्ये त्याहून अधिक. म्हणजे सर्व काळजी घेऊनही बाहेर ठेवलेल्या बेदाण्याचा उत्तम काळ दसऱ्याच्या आसपास संपणार. तो त्यानंतर विषारी होत नाही, पण त्याची चव जळक्या साखरेकडे झुकते आणि रंग उतरतो. याच कारणामुळे पावसाळ्यानंतर वापरायचा सगळा बेदाणा मी फ्रिजमध्ये ठेवायला सांगतो. साठवणीतील बहुतेक किडींची वाढ १५ अंशांच्या खाली थांबते, हा त्याचा दुसरा लाभ. फ्रिजमध्येही बरणी घट्ट बंद हवी, नाहीतर बेदाण्याला कांद्या-लसणाचा वास लागतो. रोजच्या वापरासाठी पाव किलोची एक लहान बरणी बाहेर ठेवावी, ती संपली की फ्रिजमधली दुसरी काढून रात्रभर न उघडता बाहेर राहू द्यावी आणि मगच उघडावी.

सिलिका जेलच्या पुड्यांविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. सिलिका हवा इतकी कोरडी करते की बेदाणा व अंजीर कडक होतात, आणि पाच किलो बेदाण्यातील पाऊण किलो पाण्यापुढे पाच ग्रॅमची पुडी टिकतही नाही. ती बदाम, काजू, खारकेची पूड यांच्यासाठी योग्य आहे. निळ्या दाण्यांची, ओली झाल्यावर गुलाबी होणारी सिलिका खाद्यपदार्थांत वापरू नये, कारण त्या रंगासाठी वापरलेले कोबाल्ट क्लोराइड विषारी असते.

अंजिराला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो, कारण त्याच्या आतले बाहेरून दिसत नाही. माळेतील अंजीर आणल्यावर माळ सोडावी आणि काही फळे मधोमध फाडून पाहावीत. आत काळी काजळीसारखी भुकटी, कुबट वास किंवा बारीक धागे आढळले तर तो लॉट परत करावा, निवडत बसू नये. अंजीर हे अफ्लाटॉक्सिनच्या दृष्टीने जोखमीचे फळ आहे आणि हे विष भाजल्याने किंवा शिजवल्याने नष्ट होत नाही. तुर्कस्तानात निर्यातीच्या अंजिरांची अतिनील दिव्याखाली तपासणी करून हिरवट-पिवळी चमक दाखवणारी फळे काढून टाकतात. घरी टॉर्च आणून तसे करण्याच्या भरीस पडू नये, कारण चमक न दाखवणारे फळही दूषित असू शकते. चांगले अंजीर आठवडाभर गोठवून, मग फ्रिजमध्ये ठेवावेत. चिपळूणसारख्या ठिकाणी अंजीर बाहेर ठेवण्याचा आग्रह धरू नये.

जर्दाळूंमध्ये दोन वेगळे पदार्थ एकाच नावाने विकले जातात. बी असलेला, तपकिरी, कडक जर्दाळू खारकेसारखाच सोशिक असतो. नारिंगी, मऊ, बिनबियांचा, तुर्कस्तानातील मलात्याकडून येणारा जर्दाळू बराच ओलसर असतो आणि त्याचा रंग सल्फर डायऑक्साइडने राखलेला असतो. घरात कोणाला दमा असेल तर असा माल देण्याआधी विचार करावा, कारण सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना त्रास होतो. मऊ जर्दाळूचे आणि मऊ खजुराचे पाकीट फोडले की ते फ्रिजमध्येच गेले पाहिजे. खारीक टिकते, परंतु तिच्या पोटात भुंगे असतात, म्हणून ती फोडून, बी काढून, आतून पाहून आणि गोठवूनच भरावी. तिची पूड वर्षासाठी करून ठेवू नये, ती पहिल्या पावसात दगड होते. डिंकाचे लाडू करायचे त्या आठवड्यात ती कुटावी.

आपण पत्राच्या शेवटी फणसपोळीचाही उल्लेख केला आहे. घरी सुकवलेल्या प्रत्येक पदार्थाची, मग ती फणसपोळी असो, आंबापोळी असो की वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी, मुख्य अडचण ओलाव्याच्या असमानतेची असते. कडा वाळतात, मध्य ओला राहतो, आणि बंद डब्यात तो मधला ओलावा सगळीकडे पसरून बुरशीला जागा देतो. म्हणून तुकडे करून काचेच्या बरणीत सैल भरावेत आणि आठवडाभर रोज एकदा हलवावेत. बरणीच्या आतल्या बाजूस घाम दिसला तर सगळे बाहेर काढून पुन्हा उन्हात घालावे. घाम न आलेला मालच पुढे बटर पेपरचे थर घालून फ्रिजमध्ये ठेवावा. प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या अशा घरगुती, ओलसर मालात घालू नयेत. आमसुलाची चिंता करण्याचे कारण नाही. मीठ आणि आम्ल ही त्याची दोन संरक्षणे पुरेशी आहेत, आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटते ते मिठामुळे.

आता तेलकट मेवा. अक्रोड खवट होतो त्याचे कारण पाणी नसून हवेतील प्राणवायू आहे. अक्रोडात सुमारे ६५ टक्के तेल असते आणि ते लवकर बिघडणाऱ्या प्रकारचे असते. बदामात ते ५० टक्क्यांच्या आसपास, पण अधिक स्थिर असते, म्हणून एकाच कपाटात ठेवलेले बदाम चांगले राहून अक्रोड खराब होतात. अक्रोडाची आणि चारोळीची जागा फ्रीझरमध्ये आहे, याला मी कोकणापुरता अपवाद मानत नाही. काजूच्या निर्यातीसाठी पूर्वापार वापरला जाणारा ११.३४ किलोचा पत्र्याचा डबा हवा काढून त्यात कार्बन डायऑक्साइड भरून बंद करीत, यावरून या व्यापाराला प्राणवायूची किती भीती होती हे कळावे. घरी तेच काम प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या करू शकतात. एक लिटर बरणी बदामांनी काठोकाठ भरली तरी दाण्यांमध्ये साधारण ४०० मिलिलिटर हवा उरते आणि तिच्यात ८५ मिलिलिटरच्या आसपास प्राणवायू असतो, म्हणून १०० मिलिलिटर प्राणवायू शोषण्याच्या क्षमतेची एक पुडी पुरते. बरणी उघडली की मात्र त्या पुडीचे काम संपले. मेवा अख्खा आणि सालीसकट ठेवावा. भाजलेला, तुकडे केलेला किंवा कुटलेला मेवा कितीतरी लवकर खवटतो, आणि खवट मेवा लाडवात खपवू नये, तुपात भाजल्याने तो वास जात नाही.

खरेदीविषयी माझे मत आपल्या प्रथेच्या विरुद्ध जाणारे आहे. पाचही किलो बेदाणा एप्रिलमध्ये आणण्याची गरज नाही. तासगाव, सांगलीच्या शीतगृहांतून दिवाळीच्या आधी जो बेदाणा बाहेर येतो तो त्याच हंगामाचा असतो आणि सहा महिने ४-५ अंशांत राहिलेला असल्यामुळे आपल्या घरच्यापेक्षा निश्चितच चांगल्या अवस्थेत असतो. एप्रिलमध्ये दोन किलो आणि ऑक्टोबरमध्ये तीन किलो, अशी विभागणी करावी. भावात थोडा फरक पडेल, पण फेकून द्याव्या लागणाऱ्या किलोभर बेदाण्याची किंमत त्यात धरली तर तो फरक उरत नाही.

यंदा जाळी झाली आहेच, तर त्या डब्यांबरोबर कपाटही साफ करावे लागेल. जाळी असलेली अंजिरे टाकावीत, त्यांच्या शेजारच्या डब्यांतील माल, दिसायला स्वच्छ असला तरी, आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावा, फळ्यांवरचे कागद काढून जाळावेत आणि फळ्यांच्या सांध्यांतून, बिजागरांमागून व झाकणांच्या खाचांतून कोष ब्रशने काढावेत. अळी कोषात जाण्यासाठी अन्न सोडून अशाच कोरड्या फटी शोधते, म्हणून केवळ डबे धुतले तर जाळी पुन्हा पुन्हा होते. रवा, बेसन आणि शेंगदाणे यांचेही डबे याच वेळी पाहावेत.

राहिला पांढऱ्या थराचा प्रश्न. जुन्या बेदाण्यावर, अंजिरावर आणि खजुरावर ग्लुकोजचे बारीक स्फटिक येतात. ते बोटाला रवाळ लागतात, जिभेवर गोड लागतात आणि कोमट पाण्यात मणी टाकून ढवळला की पूर्ण विरघळतात. असा बेदाणा खाण्यास योग्य आहे, पाच मिनिटे गरम पाण्यात ठेवला की मऊही होतो. बुरशी कापसासारखी किंवा पिठासारखी मऊ असते, बहुधा देठाजवळ किंवा दोन चिकटलेल्या मण्यांच्या मध्ये सुरू होते, पाण्यात विरघळत नाही आणि तिला मातकट, कुबट वास असतो. तेव्हा आधी बरणी उघडून वास घ्यावा, वास स्वच्छ असेल तरच पाण्याची परीक्षा करावी, आणि शंका घेण्याजोगा थर चाखून पाहू नये. मूठभर मण्यांवर बुरशी दिसली तर उरलेले वेचून ठेवण्याचा मोह न धरता ती बरणी पूर्ण रिकामी करावी, गरम पाण्याने धुवावी, आणि तिच्या झाकणाची रबरी कडी बदलल्याशिवाय ती पुन्हा वापरू नये.